मगदूम सरांचा सर्व्हर

"गेले! परत सगळे गेले!" सन्मती फोनवर ओरडला.

मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नाश्त्याचं ताट घेऊन रांगेत उभा होतो. "सगळे?"

"सगळे. एका दमात पडले. मी एकटाच आत उभा आहे, भुतासारखा. तू इकडं ये, रणजित."

"अरे, त्यासाठी यायला कशाला पाहिजे? इथनं होतंय सगळं. आज त्या कंपनीवाल्यांची मी अशी काढतो की..."

"कंपनीचं राहू दे. तू ये."

"तू त्रास करून घेऊ नकोस. मी बघतो म्हणलं ना."

तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मी ताट तसंच टेबलावर टाकलं आणि इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या पोरीनं गोड आवाजात माझी काय सेवा करू म्हणून विचारलं, आणि माझं डोकं फिरलं.

सन्मती मगदूम आणि मी शाळेत एका बाकावरचे. जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत त्यांचं घर, दहाव्या गल्लीत आमचं. पुढे त्यानं सिव्हिलचा डिप्लोमा केला, मी कॉम्प्युटरकडे वळलो आणि पुण्यात नेटवर्कच्या कामाला लागलो. सन्मती पुलांच्या कामावर सुपरवायझर झाला. एका पुलाचं सेंट्रिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटखालचा आधार, खचलं आणि तो खाली आला. हात राहिले, डोकं राहिलं, कमरेखालचं सगळं गेलं. लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हाची गोष्ट.

तेव्हापासून तो घरातल्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या कॉटवर. सुरुवातीला तर तो कुणाशी बोलतच नव्हता. मग शीतलदादानं त्याच्या कॉटशेजारी एक कॉम्प्युटर आणून ठेवला. शीतल म्हणजे त्याचा थोरला भाऊ; आमच्याकडच्या जैन घरांत हे नाव पुरुषांचंही असतं. त्या कॉम्प्युटरवर सन्मतीला तो खेळ सापडला. ठोकळ्यांचं जग असतं. जमीन खणायची, दगड फोडायचे, ठोकळ्यावर ठोकळा रचून हवं ते बांधायचं. एकट्यानं खेळता येतं, पण खरी गंमत सगळ्यांनी मिळून एकाच जगात बांधण्यात. त्यासाठी ते जग कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर कायम चालू ठेवावं लागतं, म्हणजे बाकीचे आपापल्या घरून त्यात येऊ शकतात. त्याला सर्व्हर म्हणतात. सन्मतीनं तो आपल्या उशाशी चालू केला. मांडून मी दिला होता, पुण्यात बसून.

बघता बघता त्या जगात एक गाव उभं राहिलं. नदी, बंधारा, घाट, बाजारपेठ. नांदेडची रुखसाना नावाची एक नर्स होती, रात्रपाळी करून आली की दिवसा दोन तास खेळायची. बेळगावचे एक निवृत्त मास्तर होते. नाशिकचा खैरनार, आणखी कुठकुठली पोरंपोरी. ते सगळे त्याला 'मगदूम सर' म्हणायचे. गटाराला उतार नसला तर सर अख्खी गल्ली पाडून परत बांधायला लावायचे. सर झोपून असतात, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. सन्मतीनं सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगू दिलं नव्हतं.

जूनपासून हे सुरू झालं. सकाळ थोडी चढली की बाहेरून आलेले सगळे धाडकन बाहेर फेकले जायचे. परत आत यायला बघितलं की 'संपर्क होत नाही' एवढंच पडद्यावर यायचं. दिवस कलला की आपोआप सुरळीत. पण संध्याकाळ सन्मतीची नव्हती. संध्याकाळी व्यायाम करून घेणारा माणूस यायचा, मग मालिश, सूर्य मावळायच्या आत जेवण, आणि त्यानंतरच्या गोळ्यांनी त्याचे डोळे जड व्हायचे. त्याचा असायचा तो दिवस. आणि दिवसाच सगळं बंद.

मी काय काय केलं नाही! त्याच्या कॉम्प्युटरमधली प्रत्येक गोष्ट पुण्यातून तपासली. नवी वायर घालायला लावली. खेळाची नवी आवृत्ती टाकली, जुनी टाकून बघितली. कॉम्प्युटर ठणठणीत होता, सर्व्हर चालू होता, घरात सन्मतीला सगळं दिसत होतं. फक्त बाहेरच्याला आत येता येत नव्हतं. म्हणजे दोष दोन ठिकाणी असू शकत होता. एक, कंपनीच्या लाइनमध्ये. दोन, राउटरमध्ये. राउटर म्हणजे घरात इंटरनेट वाटणारा तो डबा. बाहेरून कुणी आलं तर त्याला आत सोडायचं की नाही, हे तोच ठरवतो.

राउटर होता पुढच्या बाजूला, दुकानात. शीतलदादाचं तिथं फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. दाखले, पॅनकार्ड, परीक्षांचे आणि प्रवेशाचे अर्ज. राउटरचा पासवर्ड त्याच्याकडंच असायचा. मी त्याला तीन-चारदा फोन केला.

"मी स्वतः बघितलंय रे," तो म्हणायचा. "आपल्याकडं सगळं व्यवस्थित आहे. कंपनीचाच घोळ आहे. माझे पण फॉर्म अडकतात."

शीतलदादा शब्दाचा पक्का माणूस. त्यानं बघितलं म्हणजे बघितलं. राहिली कंपनी. मग मी रोज कंपनीला फोन करायचा, रोज नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, त्यानं मला राउटर बंद करून चालू करायला सांगायचं, आणि मी आवाज चढवायचा. ऑफिसातले लोक माझ्याकडं बघायला लागले होते. एकदा तर साहेबांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

अशात एका गुरुवारी सन्मतीचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"रविवारी सकाळी अकराला पुलाचं उद्घाटन आहे. दोन महिने सकाळी जमेल तेवढा बांधतोय आम्ही तो. खैरनार म्हणतोय, रविवारी पण सगळे पडले तर हे जग तो त्याच्याकडं नेणार. भाड्याचा सर्व्हर घेतोय तो. बाकीचे तयार आहेत."

"मग नेऊ दे की. तुला तिथं जाऊन खेळता येईलच."

"तिथं मी पाहुणा. इथं माझं आहे."

मी कॅलेंडरकडं बघितलं.

"तू शनिवारी येणार आहेस का नाही, तेवढं सांग," तो म्हणाला. "नुसतं हो-हो म्हणू नकोस. नाही म्हणालास तरी चालेल."

मी गेलो.

शनिवारी पोहोचेपर्यंत त्याची निजायची वेळ झाली होती, म्हणून थेट रविवारी सकाळीच त्यांच्याकडं गेलो. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, दार उघडलं. "आलास बाबा! तुझीच वाट बघायलाय." त्यांनी बिनकांद्याचे पोहे पुढ्यात ठेवले आणि आतून हाक आली, "पोहे घेऊनच ये रे आत!"

सन्मती उशांना टेकून बसला होता, कानाला हेडफोन, मांडीवर फळी, फळीवर कीबोर्ड. पडद्यावर मोठा कमानींचा पूल. त्याच्यावर सात-आठ ठेंगणी माणसं इकडून तिकडं पळत होती. मला बघून त्यानं हेडफोनचा आवाज बाहेर सोडला.

"सर, तुमचा उतार चुकलाय!" ही रुखसाना असणार. "पाणी उलटं चाललंय. कुणी दिला तुम्हाला डिप्लोमा?"

"तुझ्या दवाखान्यातल्या सलाइनसारखं आहे ते, बाई. वरून खाली येतंय. नीट बघ आधी."

"बघितलं म्हणूनच बोलले ना! या इकडं, दाखवते."

"चूक निघाली नाही तर अख्खा कठडा तू एकटीनं बांधायचास."

"आणि निघाली तर तुम्ही."

तो खिंकाळल्यासारखा हसला. इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्याला त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. चूक निघाली. सर मुकाट्यानं कठडा बांधायला लागले आणि बेळगावचे मास्तर कानडीत काहीतरी म्हणाले, त्यावर सगळे हसले.

मी पोहे खात बघत होतो. पुढं दुकानाचं शटर खडखडत वर गेलं. थोड्याच वेळात पडद्यावरची माणसं एकेक करत जागच्या जागी थिजली, आणि नाहीशी झाली. पुलावर एकटा सन्मती उरला.

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"थांब," मी उठलो. "आता कंपनीचा मालक जरी आडवा आला तरी..."

"राउटर बघ," तो म्हणाला.

दुकानात बाकावर तीन-चार माणसं कागद धरून बसली होती. शीतलदादा कुणाच्या तरी मुलीचा अर्ज भरत होता.

"ये रणजित. चहा झाला?"

"दादा, मला राउटर बघायचाय. आत्ताच पडलं सगळं."

"अरे, मी बघितलंय तो. आत्ता गर्दी आहे. दुपारी निवांत बघू की."

"अकराला त्याचं उद्घाटन आहे."

"कसलं उद्घाटन?" त्यानं विचारलं, आणि मग एकदम हसला. "हां, ते खेळातलं."

त्या हसण्यानं मी पेटलो. सरळ काउंटरच्या आत शिरलो, दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि म्हणालो, "पासवर्ड सांग."

गिऱ्हाइकं बघायला लागली. त्यानं पासवर्ड सांगितला. सांगताना त्याची नजर पडद्यावर नव्हती, खाली होती.

शोधायला लागलंच नाही. पहिल्याच पानावर होतं. बाहेरून सन्मतीच्या कॉम्प्युटरकडं येणारा रस्ता, सुरुवातीला दादाकडून मीच उघडून घेतलेला, त्याला वेळ लावली होती. दुकान उघडताना बंद, दुकान मिटलं की चालू. रोज. रविवारसुद्धा.

मला आधी वाटलं, मी चुकीचं वाचतोय. मग परत पहिल्यापासून वाचलं. दोन महिने मी परक्या पोरापोरींना फोनवर शिव्या घातल्या होत्या. दोन महिने हा माणूस मला सांगत होता की मी स्वतः बघितलंय.

मी उठलो आणि तरातरा मागच्या खोलीत आलो. शीतलदादा मागोमाग आलाच. "रणजित, ऐक. गिऱ्हाइकांसमोर नको. ऐकून तरी घे."

"काय ऐकू? तू बंद केलंस! तू, स्वतःच्या हातानं! आणि वर मला सांगतोस कंपनीचा घोळ आहे?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? ह्याला दिवसभरात दुसरं काय आहे? एवढं एकच आहे ह्याला, आणि ते तुला बघवलं नाही?"

"मला बघवलं नाही?" आता त्याचाही आवाज चढला. आम्ही दोघं कॉटच्या पायथ्याशी समोरासमोर उभे होतो. "वीस माणसं ह्याच्याकडं आली की माझा एक फॉर्म पुढं सरकत नाही. शेवटच्या तारखेला एका पोरीचा अर्ज अडकला. तिच्या बापानं दुकानात येऊन माझी गचांडी धरली. ह्या दुकानावर घर चालतंय, रणजित. ह्याचा व्यायामवाला, ह्याच्या गोळ्या, सगळं."

"मग सांगायचं होतंस ह्याला!"

"डॉक्टरांनी सांगितलंय, ह्याला दुखवू नका. सुरुवातीला काय अवस्था होती ह्याची, तू बघितलीस? तू पुण्यात होतास. ह्याला कूस मी बदलून देतो, ह्याचं सगळं मी करतो. तू वर्षातनं एकदा येणार, पोहे खाणार, आणि मला शिकवणार?"

"मी येत नसेन, पण खोटं तरी बोलत नाही!"

"सोपंय तुला!"

"हे आत्ताच्या आत्ता काढ. नाहीतर मी स्वतः तो डबा उचलून इथं आणून ठेवतो."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला, त्यावर राउटरचं पान उघडलं, बोटानं दोन-तीनदा काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "काढलं. झालं समाधान?" आणि दार आपटून दुकानात गेला.

एवढ्यात पडद्यावर पुलाच्या टोकाला एक ठेंगणं माणूस उगवलं. मग दुसरं. हेडफोनमधून रुखसानाचा आवाज आला, "सर? ओ सर! आहात का?"

मी विजयी वीरासारखा सन्मतीकडं वळलो. "झालं बघ. आता पडलं तर मला सांग."

त्यानं हेडफोनमध्ये "दहा मिनिटं थांबा" एवढंच म्हटलं, माइक बंद केला आणि हेडफोन काढून ठेवला. त्याचा चेहरा बघून मी चपापलो. तो रागानं पांढरा पडला होता.

"खुर्ची घे," तो म्हणाला.

"अं?"

"खुर्ची घे आणि बस. मान वर करून बोलायला लावू नकोस मला."

मी बसलो.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"दादानं बंद केलंय ते. शटर वर गेलं की माणसं पडतात, शटर खाली आलं की येतात. रोज ऐकतोय मी. कान शाबूत आहेत माझे. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

मला नीट समजायलाच वेळ लागला. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. दादाला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाला, बघतो हं बाळा. दुसऱ्यांदा म्हणाला, कंपनीला सांगतो. तिसऱ्यांदा मी म्हणालो, दादा, तूच बंद केलंयस, मला कळतंय. तर माझ्या डोक्यावरनं हात फिरवला त्यानं! म्हणाला, असं मनात आणू नये, तू झोप थोडा." त्यानं मांडीवरच्या फळीवर मूठ आपटली. "मी काय वेडा आहे? मी चारशे माणसं कामाला लावायचो, रणजित. माझ्या एका शब्दावर काँक्रीट थांबायचं. आता माझ्या तोंडनं निघालेलं कुणाच्या कानापर्यंतच जात नाही. आणि तू आलास, दोन पायांवर उभा राहिलास, एकदा ओरडलास, आणि त्यानं पाच मिनिटांत काढलं."

"म्हणजे मला तू..."

"म्हणून बोलावलं तुला. दुरुस्तीला नाही. उभं राहायला बोलावलं."

खिडकीबाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आणि काय केलंत तुम्ही दोघांनी?" तो म्हणाला. "माझ्या पायथ्याशी उभे राहून ह्याला, ह्याला, ह्याला! ह्याला काय आहे, ह्याला दुखवू नका, ह्याचं सगळं मी करतो. मी मेलोय का? माझ्या प्रेताच्या दोन बाजूंना उभे राहून भांडताय? माझ्या वतीनं माझ्याशी न बोलता भांडतोयस तू!"

खरं तर मी तिथं गप्प बसायला हवं होतं. इतकी वर्षं मी तेच करत आलो होतो. त्याचा आवाज चढला की बरं म्हणायचं, बघतो म्हणायचं. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यासमोर ते दोन महिने आले. कॅन्टीनमधलं ताट, साहेबांची केबिन, मदतकेंद्रातली ती पोरगी, जी माझ्या शिव्या ऐकून शेवटी रडायला लागली होती. माझाही बांध फुटला.

"हरामखोरा!" मी ओरडलो. "तुला माहीत होतं आणि तू मला दोन महिने पळवलंस? वायरी बदलायला लावल्यास! लोकांना शिव्या घालायला लावल्यास! एकदा सरळ म्हणायला काय झालं होतं, की रणज्या, दादानं बंद केलंय?"

"म्हणालो असतो तर काय केलं असतंस?"

"काय केलं असतं म्हणजे?"

"दादाला फोन केला असतास. दादा म्हणाला असता, त्याच्या डोक्यात काहीतरी बसलंय. आणि तू मला म्हणाला असतास, तू त्रास करून घेऊ नकोस, मी बघतो."

"मला विचारल्याशिवाय तूच ठरवलंस? मी काय करणार, हे तू ठरवणार? मग तुझ्यात आणि दादात फरक काय रे, गाढवा? मला माणूस समजलास का घोडा? पाहिजे तेव्हा आणला, उभा केला!"

"मोठा आला माणूस! वर्षातनं एकदा यायचं आणि पोहे खायचे!"

"दहादा येईन, नाहीतर येणारच नाही! तू कोण सांगणार?"

आम्ही दोघंही धापा टाकत होतो. मी कधी उठून उभा राहिलो होतो, मलाच कळलं नव्हतं. लक्षात आलं तसा खाली बसलो. सन्मती माझ्याकडं टक लावून बघत होता. त्याचा पांढरा पडलेला चेहरा आता लालबुंद झाला होता, आणि त्या लालीत मला शाळेच्या मैदानावरचा, पंचाशी हुज्जत घालणारा सन्मती एकदम दिसला.

"पडल्यापासनं," तो हळूच म्हणाला, "तू मला पहिल्यांदा शिवी दिलीस."

मी खुर्ची जरा पुढं ओढली.

"दादाला बोलव," तो म्हणाला. "आणि तू बाहेर थांब. मध्ये यायचं नाही. काही ऐकू आलं तरी यायचं नाही."

"आणि उद्घाटन?"

"थांबतील ते. नाही थांबले तर खैरनारकडं जातील. पण हे आज होणार."

शीतलदादा आत जायला तयार नव्हता. "त्याला सांग, दुपारी येतो. त्याला म्हणावं, राग नको धरू."

"मी काही सांगणार नाही," मी म्हणालो. "तूच जाऊन सांग."

तो गेला. मी मधल्या खोलीत काकूंजवळ जमिनीवर बसलो. त्या तांदूळ निवडत होत्या. सुरुवातीला आतून शीतलदादाचा मऊ आवाज येत होता, लहान मुलाला समजावतात तसा. "हो रे बाळा, हो. चुकलं माझं. आता नाही करणार."

आणि मग सन्मती गरजला. "बाळा म्हणू नकोस मला! खोटं बोललास तू! माझ्या तोंडावर खोटं बोललास!"

"अरे, तुझ्या भल्यासाठी..."

"माझं भलं मला विचार! दुकान चालत नव्हतं, तर मला सांगायचं. मी वेळ ठरवून घेतली असती, गर्दीच्या वेळी माझं बंद ठेवलं असतं. मला आकडेमोड येते, मला हिशेब कळतो! पण तू मला विचारलंच नाहीस!"

"कसं विचारू? तू तोंड फिरवून पडलास तर? जेवण सोडलंस तर? तू सोडलं होतंस मागं!"

"सोडलं तर सोडलं! तुला काय करायचंय?"

शीतलदादाचा आवाज असा फुटला की काकूंच्या हातातलं सूप थबकलं.

"मला काय करायचंय? मला? तुला उचलून उचलून माझी पाठ गेली रे! रात्री कूस बदलायला उठतो, मग झोप लागत नाही! एक दिवस कुठं गावाला गेलो नाही मी! आणि मला काय करायचंय म्हणतोस?"

"मग सांग की हे! इतक्या वर्षांत एकदा तरी सांगितलंस? हसत हसत करतोस आणि आत कुढतोस! मला वाटायचं, तुला काहीच वाटत नाही!"

"वाटतं! राग येतो मला तुझा! आला राग, बोल, काय करणार आहेस?"

"भांडणार आहे! बस खाली! उभा राहून बोलू नकोस माझ्याशी!"

खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज आला.

मी उठायला लागलो. म्हटलं, आता हे कुठंतरी भलतीकडं जाणार. काकूंनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या.

"काकू, पण..."

"बस म्हणते न्हवं. आजारी माणसाशी कोण भांडत न्हाई, रणजित. पडल्यापासनं ह्या घरात कुणी त्याच्याशी भांडलं न्हाई. आम्ही सगळी नुसती गोड बोलतोय." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि परत सूप हातात घेतलं.

पुढं राउटर सन्मतीच्या खोलीत आला आणि त्याचा पासवर्ड सन्मतीनं बदलून टाकला. दुकानाच्या गर्दीच्या वेळा दोघांनी बसून ठरवल्या. त्यावरून मग कित्येक महिने रोज खटके उडायचे, दादा मागच्या खोलीकडं तोंड करून ओरडायचा आणि सन्मती तिथून उत्तर द्यायचा. दादा पाठीच्या डॉक्टरकडं गेला आणि रात्रीसाठी एक माणूस ठेवला. खैरनार जग घेऊन गेला नाही. सन्मतीनं त्याच आठवड्यात रुखसानाला आणि मास्तरांना आपण झोपूनच असतो हे सांगून टाकलं. रुखसाना दोन दिवस जपून बोलली, तिसऱ्या दिवशी त्यानं तिनं बांधलेला एक कठडा पाडला तेव्हा परत पहिल्यासारखी कडाडली. हे सगळं मला नंतर, फोनवर, सन्मतीकडूनच कळत गेलं.

त्या सकाळी मात्र अकरा वाजून गेले, साडेअकरा वाजले, तरी आत दोघांचे आवाज चालूच होते. एकमेकांवर चढून, एकमेकांना तोडून. दुकानातली गिऱ्हाइकं चुळबुळ करायला लागली. एक जण मधल्या दारातून आत डोकावला. काकू उठल्या, पदर खोचला आणि पुढं गेल्या.

"मालक कुठायत, काकू? माझा दाखला..."

"नंतर या," काकू म्हणाल्या. "घरात भांडण चाललंय."

"अरेच्चा! कुणाचं हो?"

काकूंनी शटरला हात घातला आणि ते अर्ध्यावर ओढत ताठ मानेनं सांगितलं, "माझ्या दोन्ही पोरांचं."